शेडमधले फ्लाउटे

मला किळस लवकर येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदार वगैरे समजायला नको. अंधाराची भीती वाटते म्हटलं की लोक दिवा लावून देतात, किळस येते म्हटलं की मात्र हसतात आणि मुद्दाम ती वस्तू नाकासमोर धरतात. कॉलेजच्या होस्टेलवर माझा रूम पार्टनर सुके बोंबील खिडकीत ठेवायचा. मी त्या खोलीत तोंडाने श्वास घेऊन डिग्री मिळवली. पुढे नोकरीने आयर्लंडला आणलं, तर ऑफिसातली माणसं मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करायची. मी डबा घेऊन खाली गाडीत जायचो आणि काचा वर करून पोळी-भाजी खायचो.

असा मी, आणि लग्न केलं कोल्हापूरच्या मुलीशी. ती डॉक्टर, नॉनव्हेजवर वाढलेली. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं की घराच्या स्वयंपाकघरात मांस येणार नाही, बाहेर तिने काय हवं ते खावं. तिने ते इतक्या सहज मान्य केलं की माझा विश्वासच बसला नाही. नावन गावातल्या एका हाउसिंग इस्टेटमध्ये आमचं घर, दहा मिनिटांवर तिचं हॉस्पिटल, वरच्या खोलीत माझं वर्क फ्रॉम होम. ती कँटीनमध्ये चिकन खायची, घरी येऊन दात घासायची आणि मग माझ्याजवळ बसायची. दात घास असं मी कधी सांगितलं नव्हतं. राहू दे, असंही कधी म्हटलं नव्हतं.

मग तिला दिवस राहिले आणि उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनाच होतात, सुंठ चाटव, सकाळी कोरडं बिस्किट दे, असं महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येक बाईने सांगून झालं. सुंठही उलटून पडली आणि बिस्किटही. हिंगाच्या फोडणीचा वास आला की ती जिना चढून बाथरूममध्ये जायची. भात शिजायला लागला की तेच. माझ्या साबणाचा वास आला तरी तेच. बादली, फरशी, बेसिन, कधी कधी जिन्यावरचं कार्पेट, सगळं मी साफ करत होतो. चौथा महिना संपत आला तरी तिचं वजन वाढायच्या ऐवजी उतरत होतं, आणि ज्या हॉस्पिटलात ती दुसऱ्यांना सलाईन लावायची तिथेच तिला सलाईन लावून झोपवलं. घरी सोडताना तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्या पोटात जे टिकेल ते द्या, काय आहे ते बघू नका. मी मोठ्या तोंडाने हो म्हणालो.

टिकलं ते नेमकं काय, तर फ्लाउटा. ती कामावर परतली होती, आणि तिच्या वॉर्डात एक मेक्सिकन नर्स होती. तिने एकदा चहाच्या सुट्टीत डबा उघडला आणि माझ्या बायकोने त्यातला एक उचलून खाल्ला. मग दुसरा खाल्ला. दोन्ही पोटात राहिले. मक्याच्या पातळ पोळीत उकडलेलं चिकन घालायचं, ती बासरीसारखी घट्ट गुंडाळायची आणि तेलात कुरकुरीत तळायची, वर थंड आंबट क्रीम आणि चिरलेलं लेट्यूस. बास. त्या बाईने मग रोज दोन जास्तीचे आणायला सुरुवात केली. बायकोच्या गालावर जरा रंग आला. मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडत होतो आणि त्या डब्याकडे बघत नव्हतो. तेवढ्यात तिच्या नवऱ्याला दूर किलकेनी गावात नोकरी लागली, आणि ती डब्यासकट निघून गेली.

याच सुमाराला माझी आई नागपूरहून आली. डोहाळजेवण करायचं म्हणून हिरवी साडी, खण, नारळ, चिरोट्यांचं सामान असं सगळं बॅगेत भरून आली होती. सुनेला दारात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे काय होऊन राहिलं हिचं? काही खाते की नाही?"

मी फ्लाउट्याचं सांगितलं. चिकन हा शब्द मी आईसमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला असेन. आईने बॅगेतला नारळ काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "डोहाळे आहेत रे बाप्पा. पुरवावे लागतात. नाही पुरवले तर लेकराची लाळ गळत राहते. आणि डोहाळे काही तिचे नसतात, पोटातल्याचे असतात."

"म्हणजे माझं मूल कोंबडी मागून राहिलं?"

"तसं नको बोलू. मलाच कसंतरी होते."

मला तर त्या विचारानेच भोवळ आली. अजून जन्माला यायचं आहे, अजून नाक-डोळे धड झाले नाहीत, आणि कोंबडी मागतंय.

आईने मग एक तोड काढली, आणि मला ती अफलातून वाटली. आकार तोच ठेवायचा, आत काय आहे ते कोण बघतंय! सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, तंतू तंतू करून घेतल्या. कणकेची पोळी लाटली, वड्या भरल्या, गुंडाळल्या, कडा पाण्याने चिकटवल्या आणि तळल्या. दिसायला सुरेख. वर क्रीम, वर लेट्यूस. दोघा शहाण्यांनी मिळून एका डॉक्टर बाईला, तेही कोल्हापूरच्या, सोयाबीन चिकन म्हणून खाऊ घालायचा घाट घातला होता. तिने एक घास घेतला, चावता चावता थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "वड्या आहेत ना रे या?" एवढं म्हणेपर्यंत तिला बेसिन गाठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आईने मक्याच्या पिठाची उकड काढून पाहिली. ज्वारीची भाकरी थापणारा हात, म्हणाली, मक्याचं काय कौतुक. पण भाकरी वेगळी आणि गुंडाळी वेगळी. तव्यावर छान फुगलेली ती चकती गुंडाळायला गेलो की मधोमध तडकायची. त्या दिवशी बायकोने नुसतं पाणी प्यायलं आणि तेही पोटात राहिलं नाही.

तेव्हा आई म्हणाली, "आपल्या वाड्यामागच्या शेजाऱ्यांकडे नाही का, पुरुष लोक मागच्या अंगणात वेगळी चूल मांडायचे? भांडी वेगळी, उलथणं वेगळं. घरातल्या बायका तिकडे फिरकायच्याही नाहीत. तू तसं कर. माझा देव घरात, तुझं ते बाहेर."

तोडगा मला पसंत पडला. आमच्या मागच्या आवारात लाकडी शेड आहे, लॉनमोवर आणि रंगाचे डबे ठेवायची. कँपिंगचा गॅस तिथे मांडला. एक जुनं पातेलं, एक तवा आणि एक चिमटा कायमचे बाहेर काढले. पेपर प्लेट्स आणल्या, म्हणजे ताटं विटाळायला नकोत. विटाळायला, हा शब्द तेव्हा मनात आला होता, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

किलकेनीला गेलेल्या त्या नर्सने व्हिडिओ कॉलवर सगळं नीट सांगितलं. तयार कॉर्न टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आण, थंड गुंडाळू नकोस, तुटेल. गरम तेलात क्षणभर बुडव, मऊ झाली की लगेच भर. उघडी कड खाली ठेवून तळ. "आणि चिकन हाताने सोडव," ती म्हणाली. "काट्याने नको. हाड हाताला कळतं." मी मान डोलवली. हाताने करणार तर माझी खेटरं, असं मनात म्हणालो.

त्या चिकनबद्दल मी काय सांगू! प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, पारदर्शक कागदाखाली, गुलाबी, ओलसर, आणि कातडीवर बारीक बारीक पुटकुळ्या. ट्रे उघडला तर खाली एक पॅड निघालं, लहान मुलांच्या लंगोटात असतं तसलं, आणि ते लालसर पाण्याने फुगलेलं. म्हणजे कंपनीलाही ठाऊक असतं की हे गळणार. मी रेनकोट घातला होता, नाकाला मफलर, हातात भांडी घासायचे जाड पिवळे हातमोजे. चिमट्याने उचललं तर ते घसरून लॉनमोवरवर पडलं. परत उचललं, बाहेरच्या नळाखाली धरलं आणि पातेल्यात टाकलं. पाणी उकळलं तशी वर करडी साय आली, फेसाळ, चिकट, आणि तिचा वास शेडच्या लाकडात मुरला. बाहेर आडवा पाऊस. दार लावावं तर वास कोंडतो, उघडावं तर गॅस विझतो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंतीवरून डोकं काढून पाहिलं, रेनकोटमधल्या मला, मफलरमधून आलेल्या वाफेला, आणि म्हणाले, "ग्रँड डे फॉर अ बार्बेक्यू." मला त्या क्षणी त्यांचाही राग आला.

दोन लांब काट्यांनी, हात शक्य तितके दूर धरून, मी ते चिकन ओरबाडलं. त्याचे धागे सुटतात. पांढरे, ओले धागे, आणि मध्येच एखादी शीर, जी तुटत नाही, नुसती ताणली जाते. चिमट्याने भरलं, चिमट्याने गुंडाळलं, त्यामुळे पहिले तीन तेलात उलगडले आणि आतलं सगळं तडतडत बाहेर आलं. पुढचे जमले. पेपर प्लेटमध्ये ठेवून मी मागच्या काचेच्या दारापाशी गेलो, दार वीतभर सरकवलं, प्लेट जमिनीवर ठेवली आणि आत ढकलली. रेनकोटला वास होता ना, आत कसा जाणार? बायको खाली बसून खायला लागली. आणि खरं सांगतो, तिने खाल्लं, आणि राहिलं. आई वर देवाजवळ बसली होती. मी शेडबाहेर पावसात उभा राहून हात धूत होतो, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

असे बरेच दिवस गेले. माझी पद्धत बसली. काम संपलं की रेनकोट, मोजे, शेड, चिमटा, दार, प्लेट. नंतर अंघोळ, डोक्यावरून, शांपू दोनदा. पेपर प्लेट ती खाऊन झाल्यावर दाराबाहेर ठेवायची. मी ती चिमट्याने उचलून ओल्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये टाकायचो. उरलेला रस्सा सकाळपर्यंत पातेल्यात गोठायचा आणि हलवला की थरथरायचा. तो टाकताना मी डोळे मिटायचो. ती खाली जमिनीवर बसून खाते, दारापाशी, याबद्दल कोणी काही बोललं नाही. वासामुळे आत नको, असं मीच पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

मग एक दिवस तिच्या घासात हाड आलं. बारीकसं, अणकुचीदार. तिने ते तोंडातून काढून प्लेटच्या कडेला ठेवलं आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी दार वीतभर उघडलं.

"कशाने सोडवलंस हे?"

"काट्यांनी."

"तिने सांगितलं होतं ना हाताने?"

ती माझ्या पिवळ्या मोज्यांकडे बघत होती.

"माझी आजी महिन्यातले चार दिवस बाहेर बसायची," ती म्हणाली. "पडवीत. तिला असंच ताट सरकवायचे. लांबून. आम्ही लहान, आम्हाला वाटायचं खेळच आहे काहीतरी."

"काहीतरीच काय बोलतेस? मी असलं काही मानत नाही. मी शिवाशिव पाळतो का?"

"मी शिवाशिव म्हटलंच नाही. तूच म्हणालास."

मला संताप आला. पावसात उभा राहून, नाक बांधून, ज्या गोष्टीकडे आयुष्यात बघितलं नाही ती रोज शिजवतोय, आणि वर हे ऐकायचं! मी म्हणालो, "तुला कल्पना आहे का मला किती किळस येते ते?"

"आहे की. रोज काचेतून दिसते." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझी उलटी तू उघड्या हाताने पुसतोस. कार्पेटवरची, बादलीतली, माझ्या केसांतलीसुद्धा. एकदाही तोंड वाकडं केलं नाहीस. आणि माझं ताट चिमट्याने उचलतोस. जे माझ्यातून बाहेर पडतं ते चालतं तुला. जे आत जातं त्याने मी बाटते. मग आत ते आहे तोवर मी कोण?"

तिने प्लेट दाराच्या फटीतून बाहेर सरकवली. तीन फ्लाउटे तसेच होते.

"खा ना," मी म्हणालो. "खाल्लं नाहीस तर परत सलाईन लागेल."

"लागू दे. इथे जमिनीवर बसून नाही खाणार मी आता."

आणि खरंच नाही खाल्लं. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आईने केलेली पेज तिने हट्टाने प्यायली आणि ती जिन्यातच उलटली. मी पुसायला गेलो तर तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, खाली वाकली, आणि भिंतीला धरून स्वतः पुसलं. मला तो जिना कधी विसरता येणार नाही. वाकल्यावर तिच्या गाऊनच्या पाठीतून मणके मोजता येत होते.

मी खाली गेलो. फ्रिज शेडमध्ये नव्हता, म्हणून चिकन मी बाहेरच्या थंड पेटीत ठेवायचो. ती पेटी उचलून मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणली आणि ओट्यावर ठेवली. आई तिथे तांदूळ निवडत होती. तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"इथे?"

"इथेच."

"मला नाही जमणार रे हे बघणं."

"नको बघू. तू वर जा. पण आजपासून इथेच होईल."

आईने तांदळाचं ताट उचललं. कपाटाला आता तीही इथल्या लोकांसारखं प्रेस म्हणायला शिकली होती. "त्या डावीकडच्या प्रेसमधलं मोठं स्टीलचं पातेलं घे," ती जाता जाता म्हणाली, "तुझं ते शेडमधलं तळाला लागते." नाकाला पदर लावून ती जिना चढली आणि वरच्या खोलीचं दार जरा जोरातच लागलं. मला तिचा राग आला नाही. मलाही वर जाऊन दार लावून घ्यावंसं वाटत होतं.

मोजे मी घातले नाहीत. मफलर नाही. उकडलेलं चिकन ताटात काढलं, आमच्या नेहमीच्या जेवणाच्या ताटात, आणि त्यात हात घातला. ते कोमट होतं. कोमट असेल हे माहीत असूनही मला धक्का बसला. थंड असतं तर वस्तू वाटली असती. बोटांना आधी कातडी लागली, सरकणारी, मग मांस, मग त्याच्या आत काहीतरी मऊ आणि बुळबुळीत, ज्याचं नाव मला आजही माहीत करून घ्यायचं नाही. मग हाड. आणि मग, त्या बाईने सांगितलं होतं तसं, बारीक हाडंसुद्धा बोटांना लागायला लागली. एकेक काढून मी बाजूला ठेवत होतो. नखांत चरबी गेली होती. मी ताट तसंच ठेवून सिंकमध्ये ओकलो. चूळ भरली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि परत ताटात घातले. दुसऱ्यांदा किळस कमी येते असं म्हणतात. साफ खोटं आहे, तेवढीच येते.

टॉर्टिया तेलात बुडवल्या, हाताने भरल्या, हाताने घट्ट गुंडाळल्या. एकही उलगडला नाही. तळणाचा वास घरभर गेला, पडद्यांत गेला, माझ्या केसांत गेला. मागे वळलो तर बायको दारात उभी होती. जिना कधी उतरली, किती वेळ बघत होती, कळलं नाही. मी खुर्ची ओढली. ती टेबलाशी बसली. तिचं ताट मी दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं.

ती खायला लागली. कुरकुर आवाज येत होता, आणि क्रीम तिच्या ओठाच्या कडेला लागलं होतं, आणि आतले ते पांढरे धागे मला दिसत होते. मी उठून खिडकीकडे जायला निघालो.

"कुठे चाललास?"

"जरा हवा घेतो. तू खा. मी तोंड वाकडं करीन, तुला बरं नाही वाटणार."

तिने पायाने समोरची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"हवं तेवढं वाकडं कर," ती म्हणाली, "पण इथे समोर बसून कर."